रिकाम्या पिंजऱ्याला पाणी

पिंजरा मी आधी आणला आणि विचार नंतर केला. आमच्या घरात बऱ्याच वस्तू अशाच येतात. व्यायामाची सायकल अशीच आली होती, आता तिच्यावर कपडे वाळतात.

२०२० चा डिसेंबर सरत आला होता. शाळा मार्चपासून बंद. चिमी पाचवीला, आणि तिची पाचवी माझ्या मोबाइलच्या काचेतच चाललेली. संक्रांतीला तिचा वाढदिवस. लेकरानं वर्षभरात मागितलं ते एवढंच, लव्हबर्डची जोडी. मी परभणीतल्या एका पक्षीवाल्याला पाचशे रुपये इसार देऊन आलो. माल हैदराबादहून येतो, संक्रांतीपर्यंत जोडी हातात, असा त्याचा शब्द. येताना पिंजराही उचलला. गोल, घुमटाचा, सोनेरी रंगाचा. बैठकीत पंख्याजवळच्या हुकाला अडकवला तर दर्ग्याच्या उरुसात दुकानातून लोंबणाऱ्या झुंबरासारखा दिसायला लागला. मला फारच आवडला.

माय पालमकडच्या खेड्यातली. तिनं पिंजऱ्याकडं पाहिलं, मग पंख्याकडं, मग माझ्याकडं.

"पाखरं कुठंयत?"

"संक्रांतीला येणार."

"पानी कोन घालनार?"

"मी घालीन की आज्जी," चिमी म्हणाली.

"मंग आजपासून घाल."

"अगं माय, पिंजरा रिकामाय," मी म्हणालो.

"म्हनूनच."

आम्ही हसलो. बायकोनं चहा टाकला आणि तो विषय तिथंच संपला असता.

पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याच तालुक्यातल्या मुरुंब्याची बातमी आली. बचत गटाच्या कुक्कुटपालनात दोन दिवसांत आठशे-नऊशे कोंबड्या पटापट मेल्या होत्या. ११ जानेवारीला अहवाल आला, बर्ड फ्लू. गावाभोवतीच्या एक किलोमीटरातल्या कोंबड्या मारून पुरायच्या, दहा किलोमीटरात विक्री आणि ने-आण बंद. पांढऱ्या पोशाखातली माणसं, जेसीबीनं काढलेले खड्डे, चुना, सगळं टीव्हीवर. महामारीनं आधीच धास्तावलेल्या जिल्ह्यात ही दुसरी साथ. अंडी कुणी फुकट घेईना. पक्षीवाल्यानं फोनवर सांगितलं, "साहेब, आता महिना-दोन महिने पाखराचं नाव काढू नका. इसार परत नेता का?"

चिमी रडली. मी इसार परत आणायला निघालो होतो, तर मायनं अडवलं. "ठेव की त्याच्याकडं. पाखरं यायला येळ हाय, तवर आपलं घर बघू."

तिनं स्वयंपाकघरातून स्टीलची छोटी वाटी आणली आणि पिंजऱ्याखाली ठेवली. मग नियम सांगितला. पाखरं आहेत असं समजून महिनाभर सगळं करायचं. सकाळी पाणी चिमीनं बदलायचं, संध्याकाळी मी. तळाचा कागद रोज नवा. रात्री आठ वाजता पिंजऱ्यावर चादर आणि घरात गलका बंद, कारण पाखराला दहा-बारा तास अंधार लागतो. ज्याचं काही चुकेल त्याच्या नावानं वाटीत ज्वारीचा एक दाणा. लागोपाठ तीस दिवस दाणा पडला नाही की पक्षीवाल्याला फोन.

रिकाम्या पिंजऱ्याची सेवा करणं हे जगातलं सर्वात मूर्ख काम आहे, असं मला पहिले दोन दिवस वाटलं. शेजारचे येऊन बघून जायचे. "पाखरं दिसत नाहीत," म्हणायचे. "दिसत नाहीत," चिमी म्हणायची आणि पाणी बदलायची.

तिसऱ्या दिवशी मी विसरलो. पहिला दाणा माझा.

मायची तपासणी साधी होती. पाण्याच्या वाटीत बोट बुडवायची. पाणी बुळबुळीत लागलं की शिळं. डोळ्यांना ते स्वच्छच दिसायचं, तिच्या बोटाला मात्र कळायचं. पहिल्या आठवड्यात नऊ दाणे पडले. त्यातले पाच माझे, तीन चिमीचे आणि एक बायकोचा. तो रात्री साडेनऊला मालिकेचा आवाज वाढवल्याबद्दल.

दाण्यांपेक्षा मला मोजाव्या लागल्या त्या घराच्या खोडी. आम्ही या घरात बारा वर्षं राहतोय, पण दुपारी तीनला बैठकीच्या पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप नेमकी कुठं पडते हे मला माहीत नव्हतं. ती बरोबर पिंजऱ्यावर पडत होती. दाण्याच्या वाटीला चौथ्या दिवशी मुंग्या लागल्या, आणि त्या कुठून येतात याचा माग काढता काढता न्हाणीच्या चौकटीतली भेग सापडली. एका पहाटे दाण्यांवर उंदराच्या लेंड्या. पंख्याचं पातं पिंजऱ्यापासून दोन हातांवर फिरत होतं. दार उघडं राहून पाखरू उडालं असतं तर? हा प्रश्न मी विचारण्याआधी चिमीनं विचारला. पिंजरा पंख्याखालून निघाला आणि भिंतीशी स्टुलावर आला. झुंबर गेलं.

तिथंच मायनं दुसरी गोष्ट काढली. "असल्या गोल पिंजऱ्यात पाखरू बावरतं. त्येला कोपरा पायजे."

मला वाटलं हा तिचा अंदाज. ओळखीचे एक पशुवैद्य आहेत, त्यांना विचारलं, तर तेही तेच म्हणाले. पाखराला पाठ टेकवायला कोपरा मिळाला की ते निश्चिंत बसतं. शिवाय पाखरू आडवं उडतं, सरळ वर जात नाही, म्हणून पिंजरा उंच नसला तरी चालेल, लांब हवा. गजांतली फट अर्ध्या इंचाच्या आसपास, नाहीतर डोकं अडकतं. आम्ही वेल्डिंगवाल्याकडं गेलो. मी अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच असं माप दिलं, तर तो म्हणाला, "खुराडाच म्हणा की!" पण केला त्यानं, आणि कडा इतक्या घासून दिल्या की हात फिरवला तरी कुठं बोचेना.

बाजारातल्या पिंजऱ्यात बसायला गुळगुळीत गोल दांडी असते. दिवसभर एकाच जाडीच्या दांडीवर बसून पाखराच्या तळपायाला फोड येतात, असं डॉक्टर म्हणाले. मग चिमीनं पेरूच्या फांद्या आणल्या, काही करंगळीएवढ्या, काही अंगठ्याएवढ्या. गरम पाण्यानं धुऊन गच्चीवर वाळवल्या. कॅल्शियमसाठी समुद्रफेस आयुर्वेदिक दुकानात मिळाला. दाण्याला राळा आणि बाजरी. राळा म्हटल्यावर मायचा चेहरा उजळला. तिच्या लहानपणी राळ्याचा भात व्हायचा. आता तो शहरात पाखरांच्या दुकानात मिळतो, यावर तिनं जे मत दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांनीच मला सांगितलं की मी नक्की काय विकत घेतोय हे मला माहीत नाही. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, त्यातली एक जात मादागास्करची, सगळ्या मिळून नऊ. आपल्याकडं दुकानदार ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणून देतात तो बहुतेकदा बजरीगर असतो, ऑस्ट्रेलियातला. पाखरू वाईट नाही, पण दुसरं आहे. खाणं, आयुष्य, स्वभाव सगळं वेगळं. मी पक्षीवाल्याकडून फोटो मागवला. गुलाबी तोंड, हिरवं अंग, आखूड शेपूट. खराच लव्हबर्ड होता. आफ्रिकेच्या नैऋत्य भागातल्या रखरखीत मुलखातला. उन्हाची त्याला सवय, पण पाण्याचा साठा सोडून तो लांब जात नाही.

"किती वर्षं जगतो?" मी विचारलं.

"नीट ठेवला तर दहा-पंधरा."

रात्री जेवताना मी हे घरात सांगितलं. चिमीनं बोटांवर हिशेब केला. दहा अधिक पंधरा, पंचवीस. तेव्हा ती कुठं असेल? शिकायला पुण्यात, नाहीतर नोकरीवर, नाहीतर सासरी. माय पापड मोडत म्हणाली, "म्हंजी मी गेल्यावर बी पाखरं हायेत." मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पाखरं चिमीची, पण पंधरा वर्षं पाणी कोण घालणार हे त्या रात्री ठरलं.

बायकोचं भांडण वेगळंच होतं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून जो वायू निघतो त्यानं माणसाला फार तर कणकण येते, पण बंद घरातलं पाखरू काही मिनिटांत मरू शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तिचा डोशाचा तवा नवा होता. "अजून न आलेल्या पाखरासाठी माझा तवा का जावा?" हा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. मायकडंही नव्हतं. ती गावाकडं गेली तेव्हा माळवदाच्या घराच्या अडगळीतून आपला बिडाचा तवा घेऊन आली, तेल लावून चुलीवर तापवून आणलेला. काही न बोलता ओट्यावर ठेवला. पहिले चार डोसे चिकटले. पाचवा निघाला. नॉनस्टिक बहिणीकडं गेला. डासांची अगरबत्तीही त्याच आठवड्यात बंद झाली, खिडक्यांना जाळी आली.

एवढं सगळं करण्यामागं मायचा काय हट्ट होता हे मला फेब्रुवारीत कळलं. चिमीनं सहज विचारलं, "आज्जी, तू कधी पाखरू पाळलं होतंस का?"

"पोपट," माय म्हणाली. "आंब्याच्या ढोलीतून भावानं काढून आनला व्हता. मिरची खायाचा, माझ्या नावानं हाका मारायचा."

"मग?"

"मंग काय. भात्तरचा दुष्काळ. त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. समदेच खडी फोडायला जायचो, सकाळी जावं ते दिवे लागल्यावर यावं. सुकडी मिळायची तिथं. एक दिवस मला वाटलं मायनं घातलं पानी, मायला वाटलं मी घातलं." ती थांबली. "आलो तं वाटी कोरडी. मिठू तळाला."

कुणी काही बोललं नाही. चिमीच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"पिंजरा?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"बापानं आडात टाकला. आडातबी पानी नव्हतं. वाजला."

(आपल्याकडचा देशी पोपट आता पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा त्याच १९७२ सालचा. अजूनही आठवडी बाजारात लोक पोपटाची पिल्लं विकतात आणि लोक घेतात, त्यातल्या दोघांनाही तो गुन्हा आहे हे माहीत नसतं किंवा माहीत असून फरक पडत नाही. ढोलीतून काढलेलं पिल्लू आणि पिंजऱ्यातच जन्मलेला परदेशी पक्षी यांत फरक आहे, पण तेवढ्यानं पिंजऱ्याचं ओझं हलकं होत नाही, हेही खरं.)

तर दाण्यांचं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आमचे सलग काही दिवस कोरे गेले होते. मग २७ जानेवारीला पाचवी ते आठवीच्या शाळा उघडल्या आणि चिमीचे पाच दिवसांत सहा दाणे पडले. दप्तर, मास्क, डबा, बस, या गडबडीत रिकामा पिंजरा कुणाला आठवणार? माय रागावली नाही. "आता खरी परीक्षा," एवढंच म्हणाली. चिमीनं पाण्याची वाटी दात घासायच्या बेसिनवर नेऊन ठेवली. वाटी हलवल्याशिवाय ब्रश हाती लागेना. दाणे थांबले.

फेब्रुवारीच्या शेवटी पक्षीवाल्याचा फोन आला. "साहेब, जोडी आलीय. फस्क्लास. आजच न्या, गिऱ्हाईक लई आहेत."

त्या दिवशी आमचा सतरावा कोरा दिवस होता. मी गाडीची किल्ली हातात घेतली. खरं सांगतो, तेरा दिवसांचा हिशेब माझ्या लेखी काहीच नव्हता. नियम म्हणजे काय, आपणच केलेला. चिमी खिडकीशी उभी होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"काका, आमच्या घराचं अजून झालं नाही."

"कशाचं झालं नाही, बेटा?"

"तयारीचं."

"दुसरं कुणी नेतील मग."

"नेऊ द्या," ती म्हणाली आणि फोन मला परत दिला. मग मात्र न्हाणीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. माय दाराबाहेर उभी होती, आत गेली नाही.

मार्चमध्ये तिसावा कोरा दिवस उगवला आणि त्याच सुमारास जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी आली. दुसरी लाट. एप्रिल-मे आम्ही सगळे घरातच. पिंजऱ्याचं पाणी दिवसातून चारदा बदललं जाऊ लागलं, दाणा एकही नाही. मी मायला म्हणालो, "बघ, दोन महिने कोरे." तिनं ते धरले नाहीत. "कोंडून घातल्यावर कोनीबी पानी बदलतं," म्हणाली.

त्या उन्हाळ्यात आम्ही पिंजऱ्यात तापमापक टांगला होता. पश्चिमेच्या भिंतीशी एप्रिलच्या दुपारी तो ३९ दाखवायचा. पिंजरा मधल्या खोलीत नेला तर ३४. वाळ्याचा पडदा लावला तर आणखी दोन कमी. वीज गेली की कुठलाच आकडा भरवशाचा नाही, म्हणून माठातल्या पाण्यात भिजवलेलं पोतं पिंजऱ्याच्या एका बाजूला कसं टाकायचं, दुसरी बाजू वाऱ्याला कशी मोकळी ठेवायची, हेही रिकाम्या पिंजऱ्यावर करून झालं. परभणीत मे महिना काय असतो हे परभणीकराला सांगायला नको. पण चार पेरूच्या फांद्यांवर ओलं पोतं टाकून आपण कुणाला गारवा देतोय, असं त्या वेळी आम्हाला एकदाही वाटलं नाही. सवय झाली होती. चिमी रोजचं जुनं पाणी गच्चीच्या कठड्यावरच्या परळात ओतायची. तिथं होले आणि बुलबुल यायला लागले होते.

श्रावणात, दोन पाऊस झाल्यावर, आम्ही पक्षीवाल्याकडं गेलो. पाचशे रुपये त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. चिमीनं जोडी निवडली नाही, आधी तपासली. नाकपुड्या कोरड्या आहेत का, शेपटीखालची पिसं स्वच्छ आहेत का, पिसं फुलवून दिवसा झोपत तर नाही ना. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाखरू आजार लपवतं, रानात आजारी दिसलेलं पाखरू ससाणा आधी उचलतो. पक्षीवाला हसून म्हणाला, "पोरगी डॉक्टर होणार." ते रोज काय खातात हेही तिनं विचारून घेतलं, कारण पहिले काही दिवस तेच द्यायचं होतं.

घरी आणली तेव्हा दोघं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली. पूर्ण दिवस हलली नाहीत. आम्हीही पिंजऱ्याजवळ गेलो नाही. लांबूनच पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुसखुस आवाज आला. त्यातली एक तळाच्या वर्तमानपत्राची कड चोचीनं कातरत होती, करवतीनं कापावी तशी सरळ, बोटभर लांब पट्टी. पट्टी सुटली की मान मागं वळवून ती कंबरेवरच्या पिसांत खोचायची. मग दुसरी. मग तिसरी. काही पट्ट्या चालताना गळून पडायच्या, तिला पत्ता नसायचा. घरट्यासाठीचं सामान असं पिसांत खोचून न्यायचं ही त्यांच्यात मादीची रीत. एवढ्या दिवसांत रोज मी तो कागद बदलला होता, पण त्यावर काय छापलंय हे त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. बाजारभाव होते.

चुकांची वाटी चिमीनं जपून ठेवली होती. त्यातली ज्वारी आता पाखरांना घालू, असं तिच्या मनात होतं. मायनं वाटी हातात घेतली, दाणे तळहातावर पसरले आणि नाक मुरडलं. सोंडे झाले होते. तिनं ते गच्चीवरून खाली उकिरड्यावर भिरकावले, वाटी राखेनं घासली आणि पुन्हा पिंजऱ्याखाली ठेवली.

"आता कशाला?" मी विचारलं. "पाखरं आली की."

"म्हनूनच," माय म्हणाली.

पहिल्या महिन्यात वाटीत दोन दाणे पडले. दोन्ही माझे, दोन्ही रविवारचे.